हेमंतांतील पुणें व त्रिविध व्यायाम

पुणें शहराची कीर्ति नाना प्रकारची आहे. कोणी त्यास विद्येचें माहेरघर म्हणतो, कोणी पेन्शनरांचें विश्रांतिस्थान म्हणतो, तर कोणी दुपारीं दुकानें मिटून झोंप घेणाऱ्यांचें गांव म्हणून त्याची थट्टा करतो. अलीकडे ह्या शहराची एक चौथी कीर्ति वाढीस लागली आहे, आणि ती पाहावयाची असल्यास पहांटे पांचास उठून घराबाहेर पडल्यावांचून गत्यंतर नाहीं. गेल्या मार्गशीर्षापासून माघाच्या आरंभापर्यंत आमचा मुक्काम वडील बंधूंच्या घरीं, कर्वेनगरांत होता. वाईसारख्या कृष्णाकांठच्या गांवीं पस्तीस वर्षें मास्तरकी केलेल्या माणसास लवकर उठणें नवें नव्हे. परंतु वाईची पहांट म्हणजे घाटावरचें स्नान आणि देवळांतील काकडआरती. पुण्याच्या पहांटेस आम्हांस दिसलीं तीं दंडावर लुकलुकता लाल दिवा बांधून धांवणारीं माणसें, डोक्यास शिरस्त्राण घालून सायकलीवर ओणवीं झालेलीं माणसें, आणि ओले केस टोपींत कोंबून तलावावरून घाईघाईनें परतणारीं माणसें. हीं सर्व नऊच्या आंत कचेरींत, दवाखान्यांत किंवा शाळेंत हजर व्हावयाचीं असतात.

ह्या मंडळींत आमचा पुतण्याही एक. वय एकेचाळीस. हिंजवडीच्या एका कचेरींत संगणकाचें काम करतो; सकाळीं साडेआठास घर सोडतो, आणि परत येतो तेव्हां देवापुढचा दिवा लागून फार वेळ झालेला असतो. सूनबाई बँकेंत अधिकारी आहे. नात बारा वर्षांची, नातू आठ वर्षांचा. शिवाय बंधु आणि वहिनी. अशा भरल्या घरांतील कर्ता पुरुष रोज दीड-दोन तास पोहणें, सायकल आणि धांव ह्यांस देतो, हें पाहून आम्हांस प्रथम कौतुक वाटलें, मग कुतूहल वाटलें, आणि कांहीं दिवसांनीं प्रश्न पडला कीं, हे तास येतात कोठून? त्या प्रश्नाचें उत्तर आम्हांस ह्या मुक्कामांत मिळालें. परंतु तेथवर पोंचण्यापूर्वीं वाचकांनीं आमच्याबरोबर तलावावर, गडावर आणि टेंकडीवर येण्याची तसदी घ्यावी, अशी विनंति आहे.

'ट्रायथलॉन' हा शब्द ऐकतांच आमच्यांतील संस्कृतचा मास्तर जागा झाला. ग्रीक भाषेंतही 'त्रि' म्हणजे तीनच, आणि 'आथ्लॉन' म्हणजे स्पर्धा किंवा तिचें बक्षीस. आधीं पोहावयाचें, मग सायकल चालवावयाची, शेवटीं धांवावयाचें. मध्यें विसावा नाहीं. ओले कपडे बदलण्यास लागलेला वेळसुद्धां हिशेबांत धरला जातो. ह्या नांवाची पहिली स्पर्धा अमेरिकेंत सान डिएगो येथें १९७४ च्या सप्टेंबरांत झाली. पुढें हवाई बेटांवर असा वाद माजला कीं, पोहणारा श्रेष्ठ, धांवणारा श्रेष्ठ कीं सायकलस्वार श्रेष्ठ? नौदलांतील अधिकारी जॉन कॉलिन्स ह्यांनीं तोड सुचविली कीं, ओआहू बेटावर होणाऱ्या तीन निरनिराळ्या शर्यती एकापुढें एक जोडाव्या आणि निकाल लावावा. १८ फेब्रुवारी १९७८ रोजीं पंधरा पुरुष निघाले व बारा शेवटास पोंचले. त्यांत गॉर्डन हॅलर हा ११ तास ४६ मिनिटें ५८ सेकंदांत पहिला आला. पुढच्याच वर्षीं लिन लेमेअर ह्या बाईनें भाग घेतला आणि एकंदर स्पर्धकांत पांचवा क्रमांक मिळविला. ही गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी. पुढें तिचें काम पडणार आहे.

सिडनी येथील २००० सालच्या ऑलिंपिकांत ह्या खेळास प्रथम स्थान मिळालें. तेथें पोहणें दीड, सायकल चाळीस आणि धांव दहा किलोमीटर असते. गोव्यांत मिरामारच्या किनाऱ्यावर २०१९ च्या ऑक्टोबरांत जी शर्यत सुरू झाली, तिचें माप याहून बरेंच मोठें: समुद्रांत १.९ किलोमीटर, सायकलीवर ९० आणि पायीं २१.१. आमच्या पुतण्यानें मनाशीं धरली होती ती हीच.

गोव्याची शर्यत ऑक्टोबरांत किंवा नोव्हेंबरांत होते. मग मार्गशीर्षांत एवढी धडपड कशास, असें आम्हीं विचारलें. पुतण्यानें सांगितलें कीं, शर्यतीचा वेग शेवटल्या दोन-तीन महिन्यांत येतो. परंतु दम मात्र हिंवाळ्यांत कमवावा लागतो. पुष्कळ आठवडे सावकाश आणि नेमानें श्रम केले म्हणजे हृदय एका ठोक्यांत अधिक रक्त लोटूं लागतें, आणि स्नायूंतील बारीक रक्तवाहिन्यांचें जाळें दाट होतें. ह्या गोष्टी आंब्याच्या मोहोराप्रमाणें आपल्याच वेळानें होतात. चैत्र-वैशाखांतील पुण्याचें ऊन लांब श्रमास सोसत नाहीं आणि आषाढ-श्रावणांत रस्ते निसरडे होतात. तेव्हां उरतो तो हेमंत व शिशिर.

हें ऐकून आम्हांस वाग्भटाची आठवण झाली. अष्टांगहृदयाच्या सूत्रस्थानांत दिनचर्या सांगतांना त्यानें नियम घातला आहे कीं, बलवान् आणि स्निग्ध अन्न खाणाऱ्या माणसानें शीतकालांत व वसंतांत अर्ध्या शक्तीनें व्यायाम करावा. इतर ऋतूंत त्याहून कमी. अर्धी शक्ति ओळखावी कशी? सुश्रुताची खूण अशी कीं, व्यायाम करतां करतां श्वास तोंडावाटे येऊं लागला म्हणजे अर्धें बळ खर्च झालें असें समजावें. पुतण्याच्या शिक्षकाचा नियमही ऐकण्याजोगा आहे: हिंवाळ्यांत धांवतांना शेजारच्याशीं एक सबंध वाक्य न तुटतां बोलतां आलें पाहिजे, तुटलें तर वेग कमी करावा. मनगटावरचें घड्याळ हृदयाचे ठोके मोजून हीच गोष्ट आंकड्यांनीं सांगतें. स्निग्ध अन्नाची सोय तर आपल्या घरांत आपोआपच झालेली असते. डिंकाचा लाडू, बाजरीची भाकरी व लोणी, तीळ आणि गूळ, हीं संक्रांतीपर्यंतचीं खाणीं जणूं ह्या मंडळींसाठींच योजिलेलीं आहेत. पुतण्या सायकलीवर निघतांना खिशांत दोन लाडू आणि एक केळें टाकतो, आणि त्यावर तीन तास काढतो.

प्रथम पाण्याकडे वळूं. डेक्कन जिमखाना ही संस्था १९०६ सालीं निघाली, आणि हिंदुस्थानच्या ऑलिंपिकांतील प्रवेशाचा उगमही तिच्याच मैदानावर आहे. दोराबजी टाटा हे तिचे अध्यक्ष असतां तेथील शर्यतींत त्यांनीं खेड्यांतील धांवपटूंचा दम पाहिला, आणि १९२० सालीं अँटवर्पला खेळाडूंची एक तुकडी रवाना झाली. त्यांतील बेळगांवकडील फडेप्पा चौगुले हे मॅरेथॉनमध्यें एकोणिसावे आले. ज्या भागांत शंभर वर्षांमागें ही हौस रुजली, त्याच भागांतील एका उघड्या तलावावर पुतण्या आठवड्यांतून दोनदां पोहावयास जाई.

एके मंगळवारीं आम्ही कानटोपी आणि शाल घेऊन त्याच्या मागोमाग गेलों. पावणेसहा वाजले होते. पौषांत पुण्यास सूर्य सातच्या पुढें उगवतो, तेव्हां अजून रात्रच म्हणावयाची. हवा पाण्याहूनही गार असल्यामुळें तलावावर वाफेचा पातळ पडदा तरंगत होता. पाण्याच्या काठावर आठ-दहा माणसें हात चोळीत उभीं होतीं. तीं एकमेकांकडे पाहून हंसत, परंतु उडी कोणी आधीं मारीना. पाणी हें अंगांतील ऊब हवेपेक्षां कितीतरी लवकर ओढून घेतें. म्हणून हे लोक काठावरच हातपाय हालवून अंग तापवितात, आणि एकदां आंत गेले म्हणजे थांबत नाहींत. आमच्या लहानपणीं वाईच्या घाटावर पाठीस वाळका भोपळा बांधून पोहणें शिकवीत. तें पोहणें बुडूं नये म्हणून होतें. हें पोहणें निराळें. तोंड पाण्यांत, दर दोन-तीन हातांनीं मान किंचित् वळवून श्वास, आणि पाय जवळजवळ शांत. कारण पायांस पुढें सायकल आणि धांव आहे, त्यांची शक्ति पाण्यांत उधळून चालत नाहीं.

त्या सप्ताहांत बँकेस एक सुटी पडली तेव्हां सूनबाईही आमच्याबरोबर आली होती. तिचें माहेर सांगलीचें. कॉलेजांत असतांना ती पोहण्याच्या सामन्यांत बक्षिसें मिळवीत असे, हें आम्ही लग्नाच्या वेळीं ऐकलें होतें आणि मग विसरून गेलों होतों. पुतण्याचा हात पाण्यांत आडवा पडतांना पाहून ती आमच्याजवळ हळूच म्हणाली, "काका, ह्याचं कोपर खाली जातं. म्हणून दमतो." मग ती काठाशीं बसली, पाण्यांत मनगटापर्यंत हात बुडवून कांहीं वेळ तसाच ठेवला, आणि मुलांच्या खाण्याची वेळ झाली म्हणून रिक्षा करून घरीं गेली.

आतां सायकलीकडे. रविवारीं पुतण्या साडेपांचास निघे. कर्वेनगरांतून राजाराम पूल ओलांडला म्हणजे सिंहगड रस्ता लागतो. घरापासून गडाच्या माथ्यापर्यंत सुमारें तीस किलोमीटर. एका रविवारीं बंधु आणि आम्ही मोटारींतून मागाहून गेलों. धायरीपर्यंत वस्ती संपत नाहीं. रस्त्यावर भाजीचे टेंपो, वृत्तपत्रें घेऊन निघालेलीं पोरें, आणि सायकलस्वारांचा मनापासून द्वेष करणारीं कुत्रीं. खडकवासल्यास आल्यावर मात्र एकदम आकाश मोकळें होतें. मुठेवरील हें धरण गेल्याच्या मागल्या शतकांत, १८७० च्या दशकांत बांधलेलें. १२ जुलै १९६१ रोजीं पानशेत फुटलें तेव्हां तेंही फुटलें व पुढें पुन्हां बांधलें गेलें. पहांटे धुक्यांतून जलाशयाचा पृष्ठभाग शिशाच्या पत्र्यासारखा दिसतो. त्यांत पोहण्याचा मोह धरूं नये. तेथें दरवर्षीं जीव जातात.

डोणज्यापासून पुढें खरा घाट. गडाची उंची समुद्रसपाटीपासून सुमारें १३०० मीटर, आणि पायथ्यापासून सहाशें मीटरांहून अधिक चढ सायकलीनें चढावयाचा. आमची मोटार दुसऱ्या गतीवर कुरकुरत होती, आणि काठाकाठानें ही मंडळी मुंगीच्या चिकाटीनें वर सरकत होतीं. १६७० सालच्या माघ वद्य नवमीस तानाजी मालुसरे ज्या गडावर चढले, तो हाच. म्हणजे ती रात्रही ह्याच ऋतूंतली, हें थंडी वाजूं लागल्याखेरीज ध्यानांत येत नाहीं. वर पोंचल्यावर पुतण्यानें पिठलें-भाकरीस हातसुद्धां लावला नाहीं. मडक्यांतील दहीं मात्र घेतलें. उतरण्यापूर्वीं त्यानें बंधूंच्या हातांतील वर्तमानपत्राचीं दोन पानें मागून घेतलीं आणि सदऱ्याच्या आंत छातीवर पसरलीं. चढतांना घामानें भिजलेलें अंग उतरतांना वाऱ्यानें गोठतें. त्यास कागदासारखें स्वस्त चिलखत नाहीं. अग्रलेख वाचावयाचा राहिला म्हणून बंधु घरीं येईपर्यंत रुष्ट होते.

तिसरें साधन पायांचें. धांवण्यासाठीं पुतण्या वेताळ टेंकडीवर जाई. ही पुणें शहरांतील सर्वांत उंच टेंकडी. रस्ते सोडून टेंकडीवर कशास, ह्याचें कारण समजून घेण्याजोगें आहे. हिंवाळ्यांतील निरभ्र रात्रीं जमीन लवकर निवते. तिला लागलेली हवा थंड व जड होऊन उताराउतारानें खालीं येते आणि नदीकांठच्या सखल भागांत साचते. तिच्यावर ऊबदार हवेचें झांकण बसतें, आणि गाड्यांचा व शेकोट्यांचा धूर त्या झांकणाखालीं कोंडून राहतो. म्हणून मुठेच्या कांठीं जेव्हां कान गोठतात आणि घसा खवखवतो, तेव्हां दोन-अडीचशें मीटर उंचीवर हवा उबदार आणि स्वच्छ असते. आम्हीं स्वतः हळुहळू चढून ह्याची प्रचीति घेतली. खालीं कानांवरून काढवत नसलेली टोपी वर खिशांत घालावी लागली. शहर धुरकट दुलईखालीं निजलें होतें, खाणीच्या बाजूस मोर ओरडत होता, आणि पायवाटेवरून एक साठीच्या बाई काठी न घेतां आमच्या पुढें निघून गेल्या. पुण्यास थंडी अगदींच नाहीं असें समजणाऱ्यांसाठीं सांगावयास हरकत नाहीं कीं, १९३५ च्या जानेवारींत येथील पारा १.७ अंशांपर्यंत उतरल्याची नोंद आहे.

येथपर्यंत जें सांगितलें, तें पाहुण्यास दिसणारें पुणें. आतां तें स्वयंपाकघराच्या बाजूनें पाहूं.

ह्या घरांत मुलांच्या शाळेची गाडी सात वाजून दहा मिनिटांनीं कोपऱ्यावर येते. तोंवर दोन मुलांचे डबे, नवराबायकोचे दोन डबे, चहा, दूध आणि गणवेश हें सर्व व्हावें लागतें. वहिनींचें वय एकाहत्तर. त्या पावणेपांचास उठत आणि पुतण्या तलावावरून अथवा टेंकडीवरून परत येई तोंवर वीस-बावीस पोळ्या करून मोकळ्या होत. सूनबाई साडेपांचास उठून भाजी व मुलें पाही. पुतण्या सातास घामानें किंवा पाण्यानें भिजून घरांत शिरे, प्रसन्न मुद्रेनें मुलांस टाटा करी आणि भरलेला डबा उचलून कचेरीस जाई. तो आळशी नाहीं, स्वार्थीही नाहीं. त्याच्या डोळ्यांपुढें ह्यांतलें कांहींच घडत नव्हतें, एवढेंच.

डिसेंबरच्या शेवटल्या आठवड्यांत वहिनींचा न्हाणीघरांत पाय घसरला आणि उजवें मनगट मोडलें. सहा आठवड्यांचें प्लास्टर पडलें. नेमकी ती बँकेच्या तिमाहीअखेरची वेळ. सूनबाई रात्रीं नवाच्या आंत घरीं येत नव्हती. पहिले तीन दिवस ती साडेचारास उठली. पुतण्या आपल्या नेमानें बाहेर पडे, कारण नेम मोडूं नये हीच त्याची साधना. चौथ्या रात्रीं जेवणें झाल्यावर ती त्यास म्हणाली (हल्लींच्या रीतीप्रमाणें ती नवऱ्यास एकेरीनेंच बोलते, आणि त्यांत आम्हांस गैर कांहीं वाटत नाहीं), "तुझा व्यायाम बंद कर असं मी म्हणत नाही. पण ह्या घरात पहाट एकच आहे. ती आईंनी इतके दिवस तुला दिली. आता त्यांचा हात मोडलाय, म्हणून ती माझ्याकडून घेतोस. मला कोणी विचारलंय का, की मला ती कशासाठी हवी आहे?"

कोणी कांहीं बोललें नाहीं. मग नात म्हणाली, "आईला पोहायचं असतं." मुलांस मोठ्यांपेक्षां पुष्कळ गोष्टी ठाऊक असतात.

आमच्या बंधूंचें आयुष्य सरकारी हिशेबखात्यांत गेलें. त्यांनीं कालनिर्णयाचें जुनें पान उलटें करून मध्यें रेघ मारली. एका बाजूस जमा, एका बाजूस खर्च. पुतण्याच्या व्यायामाचे आठवड्याचे दहा तास. त्याच दहा तासांत घरांत जें काम होतें, तें कोणाच्या नांवावर पडतें, ह्याची मांडणी त्यांनीं केली. वहिनींच्या नांवावर सात तास निघाले, सूनबाईच्या नांवावर तीन, आणि स्वतः बंधूंच्या नांवावर शून्य. तें शून्य त्यांनीं ठळक काढलें व त्याखालीं सही केली. पुतण्या बराच वेळ कागदाकडे पाहात राहिला. "मला वाटत होतं, मी झोपेतून वेळ काढतो," एवढेंच तो म्हणाला. खोटें नव्हतें, झोंप त्याचीच जात होती. परंतु झोंपेंतून काढलेला वेळ मोकळा राहावा म्हणून दुसऱ्या कोणास तरी त्याच वेळीं उठावें लागत होतें.

तडजोड निघाली ती अशी. मंगळवार आणि गुरुवार ह्या पहांटा सूनबाईच्या. ती तलावावर जाईल आणि डबे पुतण्या करील. बुधवार व शुक्रवार पुतण्याचे. शनिवार-रविवारचें लांब फिरणें पाळीपाळीनें. सोमवारीं सर्वांस विश्रांति. मुलांना गाडीपर्यंत बंधु नेतील. पोळ्या दोन दिवस कोपऱ्यावरच्या पोळी-भाजी केंद्रांतून येतील. ह्यास वहिनींचा विरोध होईल असें आम्हांस वाटलें होतें. त्या म्हणाल्या, "येऊ देत. आणि हात बरा झाला तरी मी आता सहालाच उठणार." पंचेचाळीस वर्षांच्या संसारांत त्यांनीं केलेली ही पहिली मागणी असावी. ती विनातक्रार मंजूर झाली. पुतण्यानें पहिल्या मंगळवारीं केलेलें थालीपीठ नातवानें डब्यांत परत आणलें. तिसऱ्या मंगळवारीं डबा रिकामा आला.

ह्या व्यवस्थेनें सगळेंच गोड झालें, असें लिहिलें तर तें खरें होणार नाहीं. पुतण्याचे दहा तास सहांवर आले. त्याच्या शिक्षकानें स्पष्ट सांगितलें कीं, एवढ्यांत प्रकृति उत्तम राहील, परंतु गोव्याचीं तिन्ही अंगें जितक्या वेळांत पुरीं करण्याची त्याची उमेद होती, ती सोडावी लागेल. दोन वर्षें ज्या गोष्टीचा ध्यास घेतला ती हातची निसटते, हें एकेचाळीसाव्या वर्षीं हलकें नसतें. तो दोन दिवस फारसा बोलला नाहीं. रात्रीं सायकलीची साखळी पुसून तेल घालीत बसलेला दिसे. आम्ही त्यास उपदेश करण्याच्या भरीस पडलों नाहीं.

तिसऱ्या दिवशीं त्यानेंच विषय काढला. गोव्याच्या शर्यतींत एक असाही वर्ग आहे कीं, तिघांनीं मिळून तीन अंगें वांटून घ्यावीं. "पोहायला ही," तो म्हणाला, "सायकल मी." सूनबाईनें लगेच होकार दिला नाहीं. समुद्र म्हणजे तलाव नव्हे. तेथें तळ दिसत नाहीं, लाट असते, शेंकडों हातपाय एकदम पाण्यांत पडतात. शिवाय वीस वर्षें तिनें एका दमांत दोन किलोमीटर पोहून पाहिलें नव्हतें. तेव्हां आम्हीं तिला लिन लेमेअरची हकीकत सांगितली, आणि नाशिकच्या दोन डॉक्टर बंधूंचीही. हितेंद्र आणि महेंद्र महाजन ह्यांनीं आपला व्यवसाय सांभाळून २०१५ सालीं अमेरिका खंडाच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंतची सुमारें ४,८०० किलोमीटरांची सायकलशर्यत जोडीनें, आळीपाळीनें चालवून नऊ दिवसांच्या आंत पुरी केली. एक सायकलीवर असे तेव्हां दुसरा अंग टेंकी. त्यांच्या यशाचें अर्धें रहस्य ह्या पाळींत आहे, असें आमचें मत आहे. सूनबाई हंसून म्हणाली, "काका, आधी एक किलोमीटर होऊ दे."

संक्रांतीनंतरच्या गुरुवारीं तो झाला. त्या दिवशीं आम्ही तलावावर पुन्हां गेलों नाहीं. घरीं पुतण्याच्या हाताखालीं कांदा चिरीत होतों. ती पावणेसातास परत आली, तेव्हां ओठ निळे पडले होते, दात वाजत होते, आणि चेहरा सांगलीच्या कॉलेजांतील फोटोंतल्यासारखा दिसत होता. वहिनींनीं डाव्या हातानें तिच्या खांद्यांवर शाल टाकली.

आपल्या वाचकांत अशीं घरें पुष्कळ असतील. कोणाचा मुलगा धांवतो, कोणाची सून गाणें शिकते, कोणी नोकरी सांभाळून परीक्षेस बसतो. हे सर्व उद्योग पहांटेवर डोळा ठेवून असतात, कारण दिवसाचे इतर प्रहर कचेरीनें आधींच घेतलेले आहेत. एकत्र कुटुंबाचें मोठें बळ असें कीं, एकास वेळ हवा असल्यास तो चार माणसांकडून गोळा करतां येतो. आणि त्याचा मोठा दोषही तोच, कीं कोणी किती दिला ह्याची नोंद कोठें राहात नाहीं. वर्षांतून एकदां, हेमंत लागतांना, प्रत्येक घरांत कालनिर्णयाच्या पाठीवर अशी एक रेघ ओढली जावी. वाग्भटानें अर्ध्या शक्तीचा नियम देहापुरता सांगितला. तो घरासही लागू आहे. ज्या घरांत एकाचा नेम दुसऱ्याची सर्व शक्ति वेंचून चालतो, तेथें तो नेम एखाद्या ओल्या फरशीपाशीं येऊन थांबतो.

माघ लागतांना आम्ही वाईस परतलों. वहिनींचें प्लास्टर सुटण्यास अद्याप दहा दिवस होते. सूनबाई दीड किलोमीटरपर्यंत आली होती. पोहणारी आहे, सायकलस्वार आहे, २१.१ किलोमीटर धांवण्यास तिसरा गडी मात्र मिळावयाचा आहे. नातीनें आपला अर्ज रीतसर कागदावर लिहून आजोबांकडे दिला. वय बारा असल्याच्या कारणास्तव तो सध्यां नामंजूर झाला असून, सहा वर्षांनीं पुन्हां विचारांत घेण्यासाठीं बंधूंच्या फायलींत ठेवलेला आहे.